लिनक्सचा दोष नव्हता

आमच्या ह्यांना कुणी चारचौघांत मूर्ख म्हटलं तरी चालेल, पण त्यांच्या लिनक्सला नावं ठेवलेली खपत नाहीत. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरची ती सिस्टिम, जिच्यावर कुणा एकाची मालकी नाही आणि जी पैसे न देता मिळते. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर ह्यांनी तीच चढवलीय.

त्यामुळे माझा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मधेच हँग व्हायला लागला, तेव्हा मी माझं तोंड आवरलं. माझ्या भावाने नाही आवरलं. जेवायला आला होता, हसत म्हणाला, "दाजी, फुकटच्या मालाचं असंच व्हायचं. माझ्याकडे आणून लावा, बघा कसा पळतो!" झालं! ह्यांचा घास हातातच राहिला.

त्या ड्राइव्हमध्ये काय होतं ते सांगते. माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, भरतकाम करून विकायच्या. अभ्रे, शाली, पडदे. विकायच्या आधी प्रत्येक नगाचा मी फोटो काढायचे, अगदी टाका न् टाका दिसेल इतक्या जवळून. कापड गेलं गिऱ्हाइकांच्या घरी, आमच्याकडे उरले ते फोटो. आता वन्संची नजर झपाट्याने जातेय. "दिसतंय तोवर सगळं एकदा मोठं करून दाखव गं," एवढंच त्यांनी मागितलं होतं. आणि मी बावळट, एकच प्रत ठेवून बसले होते.

गंमत म्हणजे, ड्राइव्ह गार असला की थोडा वेळ सुरळीत चालायचा. मग स्क्रीनवरचं फोल्डर करडं पडायचं आणि काही केल्या हलायचं नाही.

"अहो, तो चालतोय तेवढ्यात आधी फोटो काढून घ्या ना," मी म्हटलं.

"आणि कॉपी अर्ध्यात लटकली म्हणजे? आधी दोष कुठे आहे ते बघू."

"मग मी भावाकडे नेते."

"ने. त्याला तेच हवंय."

असं म्हणून तोंड एवढंसं केलं, की मी पर्समध्ये टाकलेला ड्राइव्ह परत बाहेर काढला. कुठून त्या चेहऱ्याला भुलले मी!

मग सुरू झाला तपास. केबल बदलली. पोर्ट बदललं. वीज कमी पडत असेल म्हणून वेगळ्या प्लगवर चालणारा हब, म्हणजे मधे जोडायचा डबा, आणला. काळ्या चौकटीत पांढऱ्या ओळी सरकायच्या, त्या हे मला वाचून दाखवायचे, "हे बघ, इथे रीसेट झाला." कुठलीशी सेटिंग बंद केली, पुन्हा चालू केली. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस पेपराआडून 'हं' म्हणायचा तेवढंच. आता खुर्ची ओढून मला समजावून सांगत होता. मीही चहा घेऊन शेजारी बसायचे. आणि ड्राइव्ह गार असतानाचा रोजचा तो चांगला वेळ आम्ही दोघांनी मिळून तपासात घालवला.

शेवटी ह्यांनी अख्खा ड्राइव्ह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बघायची चाचणी लावली. दुपारी आतून टकटक ऐकू यायला लागली. संध्याकाळी तो कॉम्प्युटरला दिसेनासाच झाला. भावाकडे लावला, तिथेही तेच. तसेच दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने उघडून पाहिला आणि मान हलवली. "आतल्या तबकड्याच खरवडल्यात. जात आलेला ड्राइव्ह होता, त्यात एवढा पळवला. आता काही निघायचं नाही."

परतताना मी ह्यांना चांगलं फैलावर घेणार होते. तेवढ्यात हे पुटपुटले, "म्हणजे लिनक्सचा दोष नव्हता." बोलून गेले, आणि मग घर येईपर्यंत मान वर केली नाही. काय बोलणार अशा माणसाला? नुसती हळहळ वाटत राहिली.

घरी वन्सं येऊन बसल्या होत्या. आमची चाहूल लागताच भिंत चाचपत पुढे आल्या.

"काय रे, सापडलं का?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "कारण सापडलं, ताई," म्हणाले.

"बघ! मी म्हणतच होते, माझा भाऊ शोधून काढणार म्हणून!" वन्संनी खुर्ची ओढली, नाक स्क्रीनला टेकेल इतकी जवळ, आणि मला हाक मारली, "ये गं, लाव लवकर. आधी ती जांभळी शाल दाखव."