जबड्याखालची गाठ

लिंबाच्या लोणच्याची फोड काकूने आजही ताटाच्या काठाला सारली. एका बोटाने, अगदी हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी... पण बायना समोरच बसली होती, आणि बायनाच्या नजरेतून हल्ली काही म्हणजे काही सुटत नसे. काकू म्हणजे तिची धाकटी चुलती भिवराबाई, लोणच्यावर जीव टाकणारी बाई. काका वारले त्याच्या चौथ्या दिवशी तिने लोणचं मागितलं होतं म्हणून आई अजून टोमणे मारते. मग आता काय झालं? काकूने घास तोंडात घातला, भिंतीकडे तोंड फिरवलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला. आणि पदराच्या काठाखाली, डाव्या जबड्याच्या आतल्या अंगाला, काहीतरी वर आलं. सुपारीएवढं. घासागणिक मोठं होणारं.

सोमवारी आईची एकदाणी गेली होती. उतरंडीच्या तिसऱ्या गाडग्यात चिंधीत गुंडाळून ठेवलेली, सोन्याच्या मण्यांची. तेव्हापासून घरात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. फक्त भांडी जास्त जोरात आपटत होती, आणि पाठीमागे कुणी उभं राहिलं की प्रत्येक जण वळून बघत होता. घरात वावरणाऱ्या बायका तीन: आई, काकू आणि दळणकांडणाला येणारी दगडाबाई. चौथी आपण, बायनाने मनाशी म्हटलं. चौदा संपलेल्या मुलीला बाईतच धरायला पाहिजे.

ती गाठ बघून तिला पहिल्यांदा वाटलं, काकूने मणी तोंडात दडवलेत! मग तिचं तिलाच हसू आलं, कारण परवाच तर चंद्रभान गुरुजींनी तो धडा शिकवला होता. भिंतीवरचा तक्ता जुना, निजामाच्या वेळचा, सगळी नावं उर्दूत. गुरुजी काठी उजवीकडून डावीकडे फिरवत आणि बोलत मराठीत. लाळेच्या ग्रंथी सहा, म्हणाले. दोन कानांपुढे, दोन जबड्याखाली, दोन जिभेखाली. आंबट नुसतं आठवलं तरी त्या पाझरू लागतात. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना, ती लाळेची करणी. कानांपुढच्या सुजल्या की गालगुंड... बायनाला झाले होते, सातव्या वर्षी. गेरूचा लेप काकूच लावायची आणि म्हणायची, काय गं माझी ही माकडीण. आणि जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीत कधीकधी ज्वारीच्या दाण्याएवढा खडा धरतो, गुरुजींच्या भावाला झाला होता. लाळ अडते, जेवायला बसलं की गाठ येते, दुखते, तासाभरात उतरते. म्हणजे काकूला खडा! सेलूच्या अख्ख्या शाळेत हे इतकं पटकन कुणाला ओळखता आलं असतं? सांगावं, आत्ताच सांगावं... पण काकू लपवत का होती? दुखतं तर दुखतं म्हणावं. लपवायला काय झालं?

तिने घास गिळला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

तसं तिचं ज्ञान गावात सांडून झालंच होतं. शुक्रवारी विहिरीवर तिने सगळ्या बायकांना तो धडा हातवारे करून सांगितला होता, आणि शेवटी ऐटीत जोडलं होतं की माणूस भ्यालं की लाळ आटते, तोंडाला कोरड पडते, पुस्तकात छापलेलं आहे. गल्लीतली वडीलधारी चतुराबाई दातांना मिश्री लावता लावता थांबली होती.

"मंग आमचे तांदूळ काय येगळं सांगतेत गं?" ती म्हणाली. "ज्यानं चोरलं त्याचं तोंड वाळतंय, चावलेले तांदूळ कोरडे पडतेत. आता तर सरकारच्या बुकात बी आलं."

बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने बायना हसली.

आणि आज, जेवणं आटोपून घटकाभर होतं न होतं तोच चतुराबाई आली ती पदराच्या गाठीला तांदूळ बांधूनच. ज्वारी खाणाऱ्या घरात तांदूळ सणाला दिसायचे; आज पळसाच्या पानावर पांढऱ्या मुठी पडल्या तेव्हा बायनाला उगाचच कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटलं. बापू, म्हणजे तिचे वडील दत्तराव, ओसरीवर पाठ करून बसले. बायकांच्या कामात ते पडत नाहीत. पण ज्याचे तांदूळ कोरडे निघतील तो उद्यापासून या घरात नाही, एवढं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. काकू कोरडी निघाली तर सोनपेठ, भावाच्या दारात, जिथे वहिनी तिला पाटही मांडून देत नाही. दगडाबाई निघाली तर दुसरं घर धरील. आणि बायनाच्या मनात एक भलतीच गोष्ट येऊन गेली: काकू गेली तर शाळेसाठी बापूंशी भांडणार कोण?

दगडाबाईने खंडोबाचं नाव घेतलं, तांदूळ चावले, पानावर थुंकले. ओला लगदा. ती उजळ तोंडाने बाजूला झाली.

काकू खूप वेळ चावत होती. डावा हात जबड्याखाली दाबलेला, डोळे मिटलेले. तिने तोंड खाली केलं आणि पानावर पडलं ते पीठ होतं. जात्यातून पडावं तसं, भुसभुशीत.

चतुराबाईने ते पान नुसतं उंबऱ्याकडे सरकवलं, बापूंना दिसावं म्हणून.

"बायना," काकू म्हणाली, "तू शिकलीस. माझं हे असं कशानं झालं, तू सांग की गं."

म्हणजे काकूला माहीत होतं! आपण जेवताना गाठीकडे बघत होतो हे तिला माहीत होतं, आणि बायनाच्या जिभेवर सगळं तयारही होतं — खडा, नळी, ग्रंथी — फक्त तोंड उघडायचं... पण एकच नळी बंद आहे ना? सहातली एक. मग बाकीच्या पाच कुठे गेल्या? पाच ग्रंथींची लाळ आटायला खडा पुरत नाही, त्याला भीती लागते; आणि ज्याने काही केलं नाही त्याला भीती कसली? धडा तिला इतका नीट पाठ होता की तिला बोलताच येईना. ती काकूकडे बघत राहिली, आणि त्या गप्प राहण्यातच काकूला उत्तर मिळालं. काकूने पदर पुन्हा वर ओढला.

"उद्या सकाळी गाडी जुंपतो," ओसरीवरून बापू म्हणाले.

"राहिली ही," चतुराबाई म्हणाली, "हिला बी द्या, मंग मनात काही ऱ्हायाला नको," आणि उरलेले तांदूळ तिने बायनाच्या तळहातावर ठेवले. बायनाने ते ऐटीत तोंडात टाकले. तिला कसली भीती! दात चालू झाले... आणि तोंडात काहीच नव्हतं. लिंबू आठवलं, चिंच आठवली, कैरी आठवली; सहाच्या सहा जणी गप्प. घशात पीठ उडालं. ठसका आला आणि पानावर पडलं ते काकूच्या तांदळांहूनही कोरडं होतं.

"लेकरू हाय, भ्यालं," चतुराबाई हसली आणि पान चुरगळून टाकलं. झालं. तेच पीठ, काकूचं उंबऱ्यावर, बायनाचं चतुराबाईच्या मुठीत.

एकदाणी आपण घेतली नाही. हे आपल्याला माहीत आहे, आपल्या ग्रंथींना माहीत नाही. मग काकूच्या ग्रंथींना तरी... ती उठायला गेली. आता बोलायचंच. सगळ्यांसमोर, बापूंसमोर.

"पाणी पी, बायना," आई तांब्या पुढे करत म्हणाली, आणि त्या शब्दांच्या मध्ये एक बारीक आवाज आला. टक्. जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा. बायनाने मान वर केली. आईचे ओठ पांढरे होते. तांब्या तिच्याच हातात होता आणि ती स्वतः पीत नव्हती. आणि तांदूळ... आईने चावलेच नव्हते. तिची वस्तू गेली, तिला कोण देणार तांदूळ?

"बघतीस काय? पी की," आई म्हणाली. पुन्हा टक्.

भीतीने काही ठरत नाही, हे तर आत्ताच, स्वतःच्या तोंडात तिला कळलं होतं. आईलाही नुसती भीतीच वाटत असेल. जावेची, बापूंची, उद्याच्या गाडीची. तेवढंच असेल. काकूसाठी बोलायला तोंड उघडलं तर पुढचं वाक्य कुणाच्या अंगावर जाईल, हे मात्र तिला दिसत होतं. बायनाने तांब्या घेतला. आईच्या घशाकडे ती बघत होती, अगदी तशीच, जशी जेवताना काकूच्या जबड्याकडे बघत होती. आणि ही नजर वाईट आहे हे नीट कळूनही ती आता खाली वळेना.