कोऱ्या काचेवरचा जांभळा

थोरली घरातून निघून गेली तेव्हा तिच्या गळ्यात जांभळा स्कार्फ होता. तो तिनेच रंगवलेला, आणि त्याच पातेल्यात आईची शालही. वर्षं उलटली, पत्ता नाही. आता नदीच्या गाळात एक कुजकी पर्स सापडली होती. कुणाची ते ओळखू येत नव्हतं, पण तिच्या चेनमध्ये एक मळका धागा अडकला होता.

तो तपासायला प्रयोगशाळेत कामाला असलेली धाकटीच बसली. नातं तिने तिथल्या सरांपासून लपवलं, कारण धागा दुसऱ्याच्या हाती गेलेला तिला सोसवला नसता.

धाग्यात रंग नावालाच उरला होता. नुसत्या लेसरखाली काही म्हणता काही दिसेना. तसं लिहून मोकळं होता आलं असतं, पण बाई हट्टाला पेटली. तिने अख्खा धागा उकळून रंग सुटा केला आणि त्यात चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी घातलं. रंगाचे रेणू चांदीला चिकटले की त्यांच्यावरून विखुरणारा प्रकाश लाखो पटींनी वाढतो, लांबून कुजबुजणारं माणूस एकदम कानाशी यावं तसा. पडद्यावर रेघा चढल्या. आईच्या शालीचा धागा तिने आधीच तपासून ठेवला होता; रेघा तंतोतंत त्याच.

"ताई!" म्हणत ती ढसाढसा रडली.

मग शिरस्त्याप्रमाणे तिने कोरी काच लावली. नुसती चांदी, धाग्यातला थेंबही नाही. रेघा पुन्हा उभ्या राहिल्या.  हातमोजे बदलले, काच बदलली, चांदीची नवी बाटली फोडली. थोरली हजरच. खोलीत तीच वावरत होती जणू.

मग धाकटीची नजर स्वतःच्या बाहीकडे गेली. सकाळी निघताना आईने तिला शालीसकट कवटाळलं होतं. चार रेणूही पकडणाऱ्या यंत्राला एवढं पुरेसं होतं. आता धाग्यातला रंग कुठला आणि बाहीवरचा कुठला, कोण सांगणार? धागा तर संपला होता.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. "होती का गं ती?"

"कळलं नाही, आई. माझ्याच हातून बिघडलं. आता कधीच कळायचं नाही."

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे ती नव्हतीच! येईल बघ."

झोपताना आईने दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. धाकटीचा हात कडीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला.