चोवीस पानं हसणारी मुलगी

धाकटीला जन्मभर कुणी तिच्या नावानं ओळखलं नव्हतं. शाळेत ती 'हिची बहीण' होती, नोकरीत 'गणिताच्या बाईंची बहीण' होती, आणि लग्न ठरताना सासऱ्यांनी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मुलगी पसंत आहे हो, पण ती मोठी बहीण वरचेवर येणार का आमच्याकडे?"

मोठी बहीण म्हणजे ताई. तिनं शाळेत गणित शिकवलं आणि अर्ध्या गावाला रडवलं. उरलेलं अर्धं गाव दुसऱ्या तुकडीत होतं म्हणून वाचलं. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून ती दोन कुबड्यांवर चालायची. त्यातली एक चालायला होती आणि दुसरी बोलायला. वर्गात ती उजवी कुबडी नुसती उचलायची, आणि मागच्या बाकावरच्या मुलांना पाढे आपोआप आठवायचे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर धाकटीनं ठरवलं की आता आपलं नाव व्हायला हवं. नाव होण्याची जागा म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ. म्हणून तिनं मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक लिहिलं. प्रकाशिका म्हणाली, "हल्ली सर्वसमावेशक पुस्तकांना मागणी आहे. तुमच्या घरात आहे का कुणी, समावेश करण्यासारखं?"

होतं की. खालच्याच मजल्यावर होतं.

पुस्तकाचं नाव 'चला टेकडीवर'. त्यात कुबड्या घेतलेली एक गोड मुलगी टेकडीच्या पायथ्याशी बसलेली असते. मित्रमैत्रिणी येतात, आळीपाळीनं तिला खांद्यावर घेतात आणि माथ्यावर नेतात. तिथं सूर्य मावळत असतो. मुलगी म्हणते, "तुम्ही किती चांगले आहात!" पुस्तकाची पानं चोवीस, आणि चोवीसही पानांवर ती हसते. चित्रकारानं दोन पानांवर तिचं तोंड मिटलेलं काढलं होतं. धाकटीनं मागे लागून ते उघडायला लावलं.

पहिला कार्यक्रम वाचनालयात होता. तिथला ग्रंथपाल भला माणूस होता. भला म्हणजे ताईचा विद्यार्थी. त्यानं दारात पाटी लावली होती : 'आज बाईंच्या भगिनी गोष्ट सांगतील.'

"माझं नाव?" धाकटीनं विचारलं.

"अहो, असं लिहिलं की लोक येतात," ग्रंथपाल म्हणाला. "म्हणजे यावंच लागतं."

लोक आलेच. ताईही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या टक्केवाऱ्या तपासायला ती वाचनालयात येतच असे. ती दिसताच पोरांना घेऊन आलेले आईबाप उभे राहिले.

"बसा," ताई म्हणाली. सगळे बसले. ताठ. एकानं तर हातही दाखवायला पुढे केले.

धाकटीनं गोष्ट वाचली. ताईनं मधेच कुबडी वर केली.

"ही मुलगी कोण?"

"कुणी नाही. काल्पनिक आहे."

"काल्पनिक मुलीच्या कुबडीला निळी पट्टी कशी? ती मी आईच्या लुगड्याचा काठ फाडून बांधली होती. आई काल्पनिक होती का?"

"ताई, लोक आहेत."

"असू देत, त्यांनाही कळू दे. आणि ही हसते का सारखी? चोवीस पानं! जबडा धरला नाही का बाईचा?"

खिडकीशी बसलेला एक बाप फिसकन हसला.

"तू रे. काय हसण्यासारखं आहे? आम्हालाही सांग."

"काही नाही, बाई," असं म्हणून तो पोराच्या मागे लपला.

एकही पुस्तक खपलं नाही. पुस्तक घेतलं की त्यावर घरचा अभ्यास मिळेल, अशी सर्वांची समजूत झालेली दिसली. जाताना ग्रंथपालानं धाकटीला दिलासा दिला. मुलांच्या दालनात दर आठवड्याला गोष्टींचा तास सुरू करायचा होता. एका लेखकाला कायमची खुर्ची आणि दारावर कायमची पाटी मिळणार होती. "मुलांना आवडलं पाहिजे, एवढीच अट. महिनाअखेरीला इथंच पुन्हा वाचन ठेवू. तेव्हा बघू."

कायमची पाटी! धाकटीला त्या रात्री पाटीचा रंगसुद्धा सुचला.

घरी जिना ताईच्या दारावरून जात होता. दार उघडं होतं. ते नेहमीच उघडं असे. कोण किती वाजता येतं याचा हिशेब ताईला चुकलेला आवडत नसे.

"ये, लेखिकाबाई."

"तुला चांगलीच दाखवलीय ना मी? मग राग कशाचा?"

"त्याचाच. मी चांगली कधी होते?"

"मुलांपुढे आदर्श ठेवावा लागतो."

"आदर्श हवा तर तुझ्या नवऱ्यावर लिही. तो बिचारा काहीच करत नाही." ताईनं पुस्तक बोटांच्या चिमटीत धरून उघडलं. "मला खांद्यावर कुणी घेतलं? सांग ना. टेकडी मी चढले, माझी मी. तू मागून येत होतीस मुसमुसत. माझं दप्तर तुझ्या गळ्यात होतं."

"आणि हे?" धाकटीनं कपाळावरचे केस वर केले. डाव्या भुवईच्या वर एक खोक होती, जुनी, पांढरी पडलेली. केस पुढे ओढून ती झाकायची सवय धाकटीला इतकी जडली होती की झोपेतही तिचा हात तिथं जाई. विचारलंच कुणी, तर ती झोपाळ्यावरून पडल्याचं सांगे.

"ते तू हात दिलास म्हणून," ताई म्हणाली. "देऊ नकोस म्हणून बजावलं होतं."

"तू घसरत होतीस, ताई."

"माझी मी घसरत होते. तुला कुणी विचारलं होतं?"

धाकटी दार आपटून वर गेली. दार ताईचं होतं, त्यामुळे ताईला ते पुन्हा उघडायला उठावं लागलं, एवढंच समाधान.

दुसरा कार्यक्रम एका वसाहतीच्या सभागृहात झाला. धाकटीनं तो ताईपासून कडेकोट लपवला होता. पण वसाहतीचा सचिव ताईच्या हातचा मार खाल्लेला. त्यानं स्वतः गाडी पाठवून बाईंना उद्घाटनाला आणलं होतं.

त्या दिवशी मात्र वैर चारी बाजूंनी आलं. एका आईनं पुस्तक चाळून परत ठेवलं. "माझ्या मुलीनं यातून काय घ्यायचं? उचललं की हसायचं?" दुसरी म्हणाली, "आमच्या मुलाचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत, त्याच्यासाठी काही नाही का?" मग एक म्हातारे गृहस्थ उठले. "ही सगळी नवी थेरं आहेत. आमच्या वेळी असली पुस्तकं नव्हती. आम्ही काय बिघडलो?"

"हो," ताई पहिल्या रांगेतून म्हणाली.

सभागृह गार पडलं. गृहस्थ बसले. ताई आपल्या बाजूनं बोलली, असं वाटून धाकटीनं हात जोडायला घेतले. ते पुरते जुळायच्या आत ताईनं वाक्य पुरं केलं : "पण पुस्तक टाकाऊ आहे, हे खरंच."

महिनाअखेर आली. वाचनालयातलं मुलांचं दालन भरलं होतं. या खेपेला ग्रंथपालानं नाना तऱ्हेची मुलं मुद्दाम बोलावली होती. कुणाच्या कानात यंत्र, कुणी जागेवर न बसणारं, कुणी अजिबात न बोलणारं, आणि बरीचशी नुसतीच दंगेखोर. धाकटीनं केस नीट पुढे ओढले आणि वाचायला सुरुवात केली. ताई पहिल्या रांगेत होतीच. तिच्या कुबड्या आडव्या पडल्या होत्या, म्हणजे कुणालाच मधेच उठून जाण्याची सोय नव्हती.

पाचव्या पानावर मुलं चुळबुळायला लागली. सातव्यावर एकानं बिस्किटं कधी मिळणार ते विचारलं. मुलीला खांद्यावर घेण्याचं पान आलं, तेव्हा चाकांच्या खुर्चीतल्या एका चष्मेवाल्या मुलीनं तोंड उघडलं.

"तिला विचारलं का?"

"काय विचारलं?" धाकटी म्हणाली.

"उचलायच्या आधी. विचारलं का तिला?"

"अगं, मैत्रिणी आहेत ना त्या तिच्या."

"मला परवा एकानं न विचारता ढकललं. मी त्याला चावले."

मुलीची आई लालबुंद झाली. पहिल्या रांगेतून कुबडी हळूहळू वर गेली.

"कुठं चावलीस?" ताईनं विचारलं.

"दंडाला."

"चूक. दंडाला बाही असते. मनगटाला चावायचं."

चुळबूळ थांबली. सगळी डोकी ताईकडे वळली, अगदी न बोलणाऱ्या मुलाचंसुद्धा.

"तुम्ही चावायचात?"

"छे. मी कुबडीनं मारायचे."

"कुणाला?"

ताईनं कुबडी तेवढी सरळ केली. तिचं टोक धाकटीवर येऊन थांबलं.

"खोटं!" मुलं ओरडली. "त्या तर लेखिका आहेत!"

आणि मग सगळे डोळे धाकटीकडे आले. ताईविषयीचा एखादा प्रश्न तिला विचारला जाणं, आणि तोही ताईच्या देखत, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. नाही म्हटलं की झालं. पुस्तक बचावलं, खुर्ची मिळाली, पाटी मिळाली. शिवाय ताई गावादेखत थापाडी ठरली. ग्रंथपाल मागून मान हलवून 'नाही म्हणा' असं सुचवतही होता. झोपाळ्याची गोष्ट तर तोंडपाठ होती.

धाकटीनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून सात वर्षांच्या पोरीचा आवाज निघाला.

"खोटं कसं? हे बघा!"

तिनं केस वर केले. दालनातून एक लांबलचक "बापरे" निघालं. धाकटी आता थांबणार नव्हती.

"हिचा पाय घसरत होता म्हणून मी हात दिला. तर हिनं हाणली! रक्त डोळ्यात गेलं. मग म्हणते, फ्रॉकला पूस. माझ्याच! आणि घरी सांग, झोपाळ्यावरून पडले. आणि वर हिचं दप्तर माझ्याच गळ्यात!"

"रक्त एवढं नव्हतं," ताई म्हणाली.

"तू गप्प बस! तुला विचारलेलं नाही!"

मागच्या बाजूला ग्रंथपालाच्या हातून बिस्किटांचं ताट पडलं. आईबापांनी खाली माना घातल्या. काहींनी तर डोळेही मिटले. पण काहीच झालं नाही. ताई गप्प बसली होती. ती गप्प बसल्यावर कशी दिसते हे तिथं कुणालाच ठाऊक नसल्यामुळे, तिची तब्येत बिघडली असावी असं एकदोघांना वाटलं.

मुलं पुढे सरकली. चष्मेवालीनं आधी विचारलं, "हात लावू का?" आणि मग खोकेवरून बोट फिरवलं. तिच्यामागे रांग लागली.

"मग तुम्ही सूड घेतलात का?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

धाकटीनं मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. उघड्या पानावर निळ्या पट्टीच्या कुबड्या घेऊन ती मुलगी हसत होती. मागच्या पानावर हसत होती, पुढच्याही पानावर हसणार होती. कुणी उचलो, कुणी ठेवो.

"घेतला," धाकटी म्हणाली. "हा काय."

ताईनं पुस्तकाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. वर्गातल्या ढ मुलीनं अवघड गणित सोडवलं की ती अशी बघत असे, म्हणजे आधी कुणाचं बघून उतरवलं ते शोधत असे. मग तिनं पर्समधून लाल पेन काढलं.

"आण इकडे."

तिनं पहिल्या पानावरचं हसू खोडलं आणि त्या जागी एक सरळ रेघ मारली. दुसऱ्या पानावर तेच. खांद्यावर उचलल्याच्या पानावर तिनं कुबडीचं टोक लांबवून एका चांगल्या मित्राच्या डोक्यापर्यंत नेलं. मुलं टाळ्या पिटायला लागली. "माझ्याही पुस्तकात काढा!" पण पुस्तक असल्याशिवाय काढता येत नव्हतं, म्हणून आईबापांना पुस्तकं घ्यावी लागली.

"पण यात तुम्ही कुठं आहात?" चष्मेवालीनं धाकटीला विचारलं.

धाकटीनं पानं उलटली. टेकडीवर सगळ्यांचा समावेश होता. दोन कुत्री होती, एक कासव होतं. ती नव्हती. तिच्या हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं. मुलांनी मग आपापल्या पुस्तकात तिचं चित्र काढलं. कुणी झाडामागे, कुणी कासवावर. प्रत्येकीच्या कपाळावर भलीमोठी खोक होती आणि गळ्यात दप्तर.

प्रकाशिकेला हे कळल्यावर तिनं फोनवर विचारलं, की मुलगी आता मारते, तर पुस्तक अजून सर्वसमावेशक म्हणता येईल का? धाकटीनं तिला सांगितलं, की समावेश झाला म्हणूनच मारते, आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या दारावर पाटी लागली. रंग धाकटीला हवा होता तोच. मजकूर मात्र मुलांनी ठरवला होता : 'खोकवाल्या आजींचा गोष्टींचा तास.' नाव काही तिचं नव्हतं. पण ते 'कुणाची तरी बहीण' असंही नव्हतं. धाकटी पाटीसमोर उभी राहिली, आणि मग तिनं समोरच्या दुकानातून एक जाड पिन घेऊन केस मागे घट्ट बसवले.

त्याच आठवड्यात दोघी बाजारातून येत होत्या. बोलणं अर्थातच बंद होतं. पलीकडच्या फुटपाथवरून एक पोर ओरडलं, "खोकवाल्या आजी!"

धाकटीनं हात केला. पोराची आई गावात नवीन असावी. तिनं विचारलं, "आणि त्या दुसऱ्या कोण रे?"

"त्या?" पोरानं खांदे उडवले. "त्या खोकवाल्या आजींची बहीण. मारतात."

ताई जागच्या जागी थांबली. कपाळावर आठी चढली. हिच्यासमोर अर्धं गाव उभं राहत आलं होतं.

"धाकटे, त्याला सांग मी कोण ते."

"बरोबरच सांगितलंय की त्यानं," धाकटी म्हणाली. रस्त्याच्या कडेची पायरी उंच होती. तिनं ताईकडे वळूनही पाहिलं नाही, हात तर नाहीच दिला, आणि पुढे चालू लागली.

मागून कुबड्यांची टकटक ऐकू आली. ती भलतीच वेगानं जवळ येत होती. धाकटीनं एक हात सवयीनं कपाळावर ठेवला आणि झपाझप पावलं उचलली.