सपाट रस्त्यावरचा जावई

रुद्रेशला चार तासांच्या आत मॅरेथॉन पळायची होती, आणि त्यासाठी तो पाय सोडून बाकी सगळं सुधारायला निघाला होता. आधी बूट बदलले, मग घड्याळ, मग मोजे. मोजे असे की प्रत्येक बोटाला वेगळी खोळ. ते घालून तो आमच्या पळायच्या ग्रुपमध्ये आला की आम्ही आधी त्याच्या पायांकडं बघायचो आणि मग एकमेकांकडं. एवढं सगळं करूनही वेळ चार तासांच्या अलीकडं सरकेना, तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की दोष रस्त्याचा आहे.

मी मल्लिनाथ. लातुरात माझं औषधाचं दुकान आहे, आणि रुद्रेश माझा शाळेपासूनचा मित्र. मित्र म्हणायचं कारण इतकंच की इतक्या वर्षांत दुसरं काही म्हणायला सवड झाली नाही. तो फिजिक्सचा क्लास चालवतो. आमच्याकडं क्लासवाल्यांची एक रीत आहे. निकाल लागला की पोरांचे फोटो चौकात लावायचे, फोटोखाली मार्क लिहायचे आणि मधोमध सरांचा फोटो पोरांच्या दुप्पट आकारात टाकायचा. यंदा रुद्रेशला वाटलं, आपल्या फोटोखालीही काहीतरी आकडा पाहिजे. भर पालकसभेत तो बोलून गेला, "मी या वयात चार तास फोडून दाखवतो, मग तुमच्या पोरांना काय धाड भरली हाय?" पालकांनी टाळ्या वाजवल्या. क्लाससमोरच्या होर्डिंगची जागा त्याच संध्याकाळी ठरली. आता चार तास फुटले नाहीत तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

मला स्वतःला वेळेचं काही पडलेलं नाही. मी तब्येतीसाठी पळतो. माझी वेळही चारच्या वरचीच आहे, पण मी ती सांगत फिरत नाही. आमच्या ग्रुपातले बाकीचे पहाटे उठून थोडं पळतात, पुष्कळ फोटो काढतात आणि नंतर हॉटेलात बसून चुरमुऱ्यांचा सुशीला चापतात. त्या सुशील्यासाठी एवढे महागडे बूट कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तर रस्ता. लातूरची मॅरेथॉन रुद्रेशनं पहिल्या फटक्यात बाद केली, कारण वाटेत उड्डाणपूल आहे. "आरं, त्यो पूल हाय का घाट?" तो मला म्हणाला. त्या पुलावर भाजीवाले हातगाडा ढकलत नेतात. हैदराबादला तर पुलांचीच रांग, म्हणून तेही बाद. किनवटकडं जंगलातून एक शर्यत होते असं कळलं, तेव्हा रविवारी गाडी काढून आम्ही तिकडं गेलो. सागाची झाडं, मधून जाणारा रेल्वेचा रूळ, मोरांचे आवाज, सगळं देखणं होतं. रुद्रेश परतताना म्हणाला, "जंगल भारी हाय, पण रस्ता लई वर-खाली केलाय." त्याच्या सुरावरून वाटावं की डोंगर कुणीतरी मुद्दाम त्याच्यावर डूख धरून उभे केलेत.

रस्ता तपासायची त्याची एक पद्धत होती. फोनवर चढ-उतार दिसतात, पण फोनवर त्याचा विश्वास नव्हता. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरून तो गाडीत ठेवायचा. पाणी मागं सांडलं तर चढ, पुढं सांडलं तर उतार. पेला धरायचं काम माझ्याकडं. आमच्या रस्त्यांना जे खड्डे आहेत त्यामुळं पाणी चहूबाजूंनी सांडायचं आणि दर मैलाला माझी पँट भिजायची. फिजिक्सच्या मास्तरला हे सुचावं आणि त्याच्या औषधवाल्या मित्रानं ते करावं, यात जास्त मूर्ख कोण हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. मग तो खाली उतरायचा. देवणीच्या बाजारात वळू पारखतात तसा रस्त्याभोवती फिरायचा, वाकून बघायचा, टाच आपटायचा. दात बघायचं तेवढं राहिलं होतं.

अखेर पसंत पडलं ते नांदेड. गोदावरीच्या काठानं जाणारी नवी मॅरेथॉन, रस्ता ताटासारखा सपाट, हवा थंडीची. पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. रुद्रेशचा चेहरा असा उजळला की मला त्याची दया आली, कारण जन्मभर त्यानं नांदेडला नावं ठेवली होती. कुठलं सरकारी कार्यालय लातुरात यावं की नांदेडात, यावरून तो लग्नकार्यात जेवता जेवता भांडलेला आहे. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे नांदेड ही त्याची सासुरवाडी.

सासुरवाडीत रुद्रेशचा इतिहास वाईट आहे. मेव्हण्याच्या, म्हणजे रविकिरणच्या, लग्नात सगळ्यांना फेटे बांधायला वेळ नव्हता म्हणून जावयाला रेडिमेड फेटा दिला गेला. रुद्रेशनं तो हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. "टोपी घालून राहिले का मला?" म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. अक्षता पडल्या तरी आत आला नाही. शेवटी त्याच्या सासूबाई, उमाबाई, भर उन्हात गाडीपाशी गेल्या आणि काचेवर टकटक करत हात जोडून उभ्या राहिल्या. मी तिथं होतो. चांगला शिकलासवरलेला माणूस फडक्याच्या सहा-सात वेढ्यांसाठी म्हातारीला उन्हात उभं करतो, हे बघून मला जेवण गोड लागलं नव्हतं. त्याची बायको सुकन्या हे सगळं मांडवातून बघत होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडला पोचलो. उमाबाईंनी जावयासाठी धपाटे, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी असं काय काय केलं होतं. रुद्रेशनं ताटाला हात न लावता साधा पांढरा भात मागितला. शर्यतीआधी पोटाला त्रास नको म्हणे. म्हातारीचा चेहरा उतरला. मी चार धपाटे खाल्ले आणि मला काहीही झालं नाही.

जेवताना रविकिरण आला. हा त्यांच्या वार्डातला पुढारी, निवडणुकीत दोनदा आपटलेला आणि तिसऱ्यांदा आपटायच्या तयारीत. पांढरे कपडे, खिशात दोन फोन.

"दाजी, सत्काराचं कसं करायचं?" त्यानं विचारलं.

"पोचलो की लगीच करा," रुद्रेश म्हणाला. "घाम असतानाच फोटो चांगला येतो. होर्डिंगला तोच लावायचा हाय."

"हाव. फेटा बांधायचाच हाय, रेडिमेड न्हाई," रविकिरण घाईघाईनं म्हणाला, आणि उमाबाईंनी दारातूनच मान हलवली. "माणिकप्पाला सांगितलंय. फकस्त एक हाय, शर्यत संपते ते मैदान पडतंय पलीकडच्या वार्डात. तिथं आपला मंडप घालू देत न्हाईत लोक. पण मी बघतो, तुम्ही काळजी करू नका."

रुद्रेश काळजी करतच नव्हता. तो फोनवर उद्याचा वारा बघत होता.

सकाळी बंदूक वाजली आणि आम्ही निघालो. माझं काम त्याच्याशेजारी पळायचं, घड्याळ बघायचं आणि त्याला ना पुढं जाऊ द्यायचं ना मागं. पहिला अर्धा रस्ता तो गप्प होता, आणि त्याच्या बाबतीत हे मोठंच. नंतर सुरू झाला. वारा समोरून येतोय. आम्ही वळसा घालून उलट दिशेला लागलो तरी त्याच्या म्हणण्याप्रमाणं वारा समोरूनच होता. मग ऊन. मग पाणी देणाऱ्या पोरींनी ग्लास फार भरलेत. मग एक गुळगुळीत डांबरी तुकडा त्याला किंचित चढाचा वाटला. "पेला आणायला पायजे होता," तो धापा टाकत म्हणाला. मी त्याला गप पळायला सांगितलं. आजूबाजूला शेलाटी पोरं फाटक्या बुटांत निघून जात होती आणि त्यातल्या एकालाही वाऱ्याची दिशा माहीत नव्हती.

पण सांगायला जड जातं, तरी सांगतो. शेवटच्या टप्प्यात तो पळाला. डोळे खोल गेले, ओठांवर पांढरं आलं, पायाची लय मात्र तुटली नाही. बडबड बंद झाली. मी घड्याळ बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. आम्ही वेळेच्या पुढं होतो. दोघंही. नुसतं चालत गेलो असतो तर कदाचित हुकलं असतं, पण पळत राहिलो तर चार तास फुटणार होते. शेवटचं वळण घेतलं आणि मैदानाचं फाटक समोर दिसलं. फाटकाच्या आत रेष.

आणि फाटकाच्या अलीकडं हलगी वाजायला लागली.

रस्त्याच्या डाव्या अंगाला, पलीकडचा वार्ड जिथं सुरू होतो त्याच्या बरोब्बर अलीकडं, मंडप होता. बॅनरवर रुद्रेशचा कोट घातलेला फोटो आणि खाली 'लातूरचे सुपुत्र, नांदेडचे जावई'. त्याच्या शेजारी रविकिरणचा फोटो, तो थोडा मोठा. माणसं निम्म्या रस्त्यावर आली होती. पुढं उमाबाई ओवाळायचं ताट घेऊन, मागं सुकन्या, आणि खुर्चीजवळ माणिकप्पा फेटेवाला गुलाबी कापड खांद्यावर टाकून.

"आले, आले! दाजी, या!"

"रवी, आरं अजून संपलं न्हाई!" सुकन्या ओरडली. त्या गर्दीत अक्कल तेवढी तिच्याकडं होती. "पुढं रेष हाय! जाऊ दे त्यांना!"

"आपल्या वार्डात पोचले म्हणजे पोचले, ताई," रविकिरण म्हणाला.

रस्ता अडलेला नव्हता, हे मला नीट सांगायचं आहे. उजवीकडून जायला एक बैलगाडी जाईल एवढी जागा होती. मागची पोरं तिथूनच जात होती. "रुद्र्या, उजवीकडून! चल!" मी ओरडलो आणि त्याचा दंड धरून ओढला. त्यानं फाटकाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि मग बॅनरकडं बघितलं. तिथंच त्याचा पाय सैल पडला. किती महिने किती गावांचे रस्ते धुंडाळले होते त्यानं, कुठं वीतभर चढ नको म्हणून.

"लवकर बांधा," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

"घाईत बांधला की सुटतो, सर," माणिकप्पा म्हणाला. "मान हलवू नका."

हार असता तर गळ्यात पडला असता आणि तो पुढं पळाला असता. रेडिमेड असता तर डोक्यावर ठेवून पळाला असता. पण बांधायचा फेटा माणसाला जागेवरून हलू देत नाही. एक टोक दातात धरायला दिलं, त्यामुळं त्याला बोलताही येईना. वेढ्यामागून वेढे बसत होते. उमाबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या लग्नातल्या उन्हाची भरपाई झाली असं त्यांना वाटलं असावं. रुद्रेशचे डोळे मात्र घड्याळावर होते आणि चेहरा असा की हसावं का रडावं ते ठरेना. मला त्या क्षणी त्याचा इतका तिटकारा आला की सोडून निघावं आणि एकट्यानं रेष ओलांडावी. मी वळलोही.

"पाहुण्यांनाही बांधा रे! जावयाबरोबर आलेत," रविकिरण म्हणाला.

माणिकप्पाच्या पोटलीत दुसरा फेटा होता. केशरी, जरीच्या काठाचा. त्यानं तो झटकून उलगडला. समोर फाटक उघडं होतं, रेष दिसत होती, माझ्या पायात अजून ताकद होती आणि घड्याळात अजून वेळ होता. मला कुणी धरलं नव्हतं. मी त्या घरचा जावईही नाही आणि नांदेडचाही नाही.

मी मान पुढं केली.

आम्ही रेष ओलांडली तेव्हा चार तास होऊन दोन मिनिटं गेली होती. डोक्यावर तुरे, हातात नारळ. फाटकावरची पोरं हसत होती. मग आम्ही गाडीनं परत निघालो. लातूर जवळ आल्यावर रुद्रेश म्हणाला, "सत्काराचा वेळ वजा केला तर आपण चारच्या आतच हाव." सुकन्यानं खिडकीबाहेर बघितलं. मी म्हणालो, "हाव."

होर्डिंग लागलं. गुलाबी फेटा, घाम, मधोमध मोठा फोटो आणि खाली 'चार तासांच्या आत'. पालकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असतील. असल्या माणसाची कीव करावी तेवढी थोडी, असं मी ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगत असतो.

त्याच मंडपातला दुसरा एक फोटो रविकिरणनं मला फ्रेम करून पाठवला. केशरी फेट्यात मी हात जोडून उभा आहे, आणि फेटा, खरं सांगतो, मला शोभतो. तो मी दुकानात काउंटरच्या मागं, गिऱ्हाइकाला सरळ दिसेल असा टांगलाय. लोक गोळ्या घेता घेता विचारतात, "मेडिकलवाले, तुम्ही पण पळता का? किती वेळ लागला?"

"चारच्या आत," मी म्हणतो, आणि सुट्टे पैसे परत देतो.