कुलूपबंद घरातला गारठा

आईच्या या धाकट्याला कुठलीही गोष्ट सावकाश करायची म्हणजे जिवावर यायचं. तिच्या घरात हीटिंग आपोआप चालू-बंद करणारा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला तोही असाच घाईघाईत. भिंतीवरचा जुना खटका काढला, होत्या त्या तारा खोचल्या. 'कायम वीज देणारी तार आहे का?' असं ॲपने विचारलं, तर ती शोधत कोण बसतो! हा पठ्ठ्या 'आहे'वर बोट दाबून मोकळा. पडदा उजळला. आईने कौतुकाने पाठ थोपटली. आता घरातली ऊब त्याला ऑफिसात बसून फोनवर दिसणार होती.

थंडी पडली आणि फोनची कटकट सुरू झाली. हीटिंग बंद, घर गार. तो धावत जायचा, तर आई दोन स्वेटर घालून बसलेली.

"आई, पुन्हा बंद केलंस?"

"अरे, मी हातसुद्धा लावला नाही त्याला."

"मग काय भुताने केलं?"

आणि हा पोचेपर्यंत यंत्र आपलं सुरळीत चालू! मग दोष कुणाचा? आईचाच. ताईला फोन झाला. आईला आता काही आठवत नाही, एकटी गारठून मरेल, असं बहीणभावांनी ठरवून टाकलं. आई आधी भांडली, मग रडली, शेवटी तिने पिशवी भरली. तिला वृद्धाश्रमात ठेवून दोघं परतली.

घराला कुलूप लागलं; भिंतींना ओल येऊ नये म्हणून हीटिंग तेवढं चालू ठेवलं. चावी धाकट्याच्या खिशात. आणि एका दुपारी, भर मीटिंगमध्ये, फोन थरथरला. हीटिंग बंद, घर गार.

तो मीटिंग सोडून उठला. त्या घरात चिटपाखरूही नव्हतं.

मेकॅनिकने यंत्र भिंतीवरून उतरवलं. "साहेब, तुमची सिस्टीम जुनी. हिला ती जादा तारच नाही. थंडीत हीटिंग सतत चालतं, याची बॅटरी उतरते, की हे मान टाकतं. जरा भरली की पुन्हा जागं. बसवताना विचारलं असेल की ॲपने?"

विचारलं होतं. धाकट्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तो तसाच आईकडे गेला. तिचे हात हातात घेऊन सगळं सांगितलं. "तुझं काही चुकलं नव्हतं गं. माझंच चुकलं. चल, घरी चल."

आई त्याच्याकडे मायेने बघत राहिली. "नको रे बाळा. माझा काही भरवसा नाही. मीच बंद करायचे ते."

"नाही गं आई!"

"करायचे. आता आठवतंय ना मला. माझ्यासाठी उगाच खोटं बोलू नकोस."

तो पुन्हा पुन्हा समजावत राहिला, शपथा घेत राहिला. आणि लेकाचं मन राखायला ती नुसती मान डोलवत राहिली.