मुंग्या न लागलेला पाक

सायमनने साबणाचा फेस बोटाने पिंपाच्या झाकणाभोवती लावला आणि चष्मा कपाळावर सारून वाकून पाहत राहिला. गॅस गळत असता तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

"रिंग बरी हाय, व्हॉल्व बरा हाय," तो पुटपुटला. "मग गॅस जातो कुठं?"

जन्मभर बोटीवर भटारखाना सांभाळून पाचूबंदरला, आपल्या गावी, कायमचा परतताना त्याने हे घरी बिअर करायचं पिंप आणलं होतं. पंधरवड्यावर क्रिस्टिनाचं लग्न होतं. मुलीच्या नावाने ग्लास उंचावतात त्या टोस्टला बापाच्या हातची बिअर, असं तो बंदरभर सांगून बसला होता. आणि आता नळ सोडला की ग्लासात काहीतरी थंड चहासारखं मुकाट पडत होतं, फेसाचं नाव नाही. विकतच्या बाटल्या आणायची वेळ आली तर लोक त्याला जन्मभर चिडवणार होते.

त्याने झाकणाला व्हॅसलिन फासून पाहिलं. जानेवारीच्या गारठ्याने यीस्ट झोपलं असेल म्हणून पिंप चुलीजवळ सरकवलं. उरला पाक. बिअर पिंपात भरताना थोडा साखरेचा पाक घालायचा. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. मागच्या वेळी तो पाक लुईझाने, त्याच्या बायकोने, करून दिला होता.

"पुन्यांदा पाक करून दे गो."

"देते. तू बस. त्या पायावर उभा राहू नको."

सायमनला मधुमेह होता आणि उजव्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी साखर बंद करून चहात टाकायला गोड गोळ्या दिल्या होत्या.

लुईझाने टोप आणून दिला. पिंपात ओतताना थोडा पाक लादीवर सांडला. सायमनने बोट चाटून पाहिलं. गोड होता, मागून जरा कडवट. टोप करपला असेल, असं त्याला वाटलं.

दुपारी पाय वर घेऊन बसला असता त्याला लादीवर मुंग्यांची रांग दिसली. बिस्किटाच्या चुऱ्याकडे निघालेली ती रांग सांडलेल्या पाकाला वळसा घालून जात होती. एकही मुंगी पाकाकडे फिरकत नव्हती. सायमन बराच वेळ पाहत राहिला. मग लंगडत फळीपाशी गेला आणि गोळ्यांची बाटली हलवली. तळाशी दोन-चार वाजल्या.

"लुईझा, पाकात काय घातलंस?"

ती बोंबील साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"तुज्या गोळ्या."

"अगो, ती साखर मी नाय खात. यीस्ट खातं!"

"आनि यीस्टचं पानी कोन पितं?"

सायमनने बाटली फळीवर परत ठेवली.

"पोरीला आल्तारापर्यंत तू चालत न्यायचंस," ती म्हणाली. "चाकाच्या खुर्चीवर बसून नाय."

तिच्यावर खूप रागवायचं असं त्याने फळीपाशीच ठरवलं होतं. ते काही जमेना. इतके दिवस तो पिंपाची काळजी करत होता आणि ही त्याच्या अंगठ्याची. त्याला तिची फार माया वाटली. त्याने साखरेचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला.

"पिंपाला खरी साखर दे. गोळ्या यीस्ट खात नाय, त्या ऱ्हातील तशाच. मी टोस्टला एक घोट घेईन. एकच."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

लग्नाच्या दिवशी सायमन बूट घालून, लेकीचा हात धरून, सावकाश पण न लंगडता चर्चमधल्या आल्तारापर्यंत गेला. मांडवात नळ सोडला तेव्हा फेस ग्लासाच्या काठावरून त्याच्या मनगटावर उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्याही कॉन्रॅडने ग्लास अर्धा केला आणि मिश्या पुसल्या.

"फस्क्लास! पन गोड केवढी! सायमन, एवढी साखर तुला चालते काय रे?"

"ती साखर नाय," सायमन म्हणाला.

त्याने एकच घोट घेतला आणि ग्लास लुईझाच्या हातात दिला. तिने आधी त्याच्या बुटाकडे पाहिलं, मग ग्लास तोंडाला लावला.