फलाट बदलला आहे

परदेशात गेल्यावर पहिलं वर्षभर माझे शनिवार-रविवार खोलीतच गेले. कपडे धुवायचे, भांडी घासायची, खिडकीतून समोरच्या इमारतीचं पार्किंग बघत बसायचं. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी ड्रॉइंग तपासायचं काम करत होतो. तिथली भाषा मात्र जिद्दीने शिकलो. संध्याकाळच्या वर्गाला गेलो, बसमध्ये लोकांचं बोलणं कान देऊन ऐकलं, आरशासमोर उभं राहून तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्या वर्षी मला कोणतीच गोष्ट दोनदा सांगावी लागेना. त्याच सुमारास ऑफिसातल्या तिघांनी मला त्यांच्या शनिवारच्या भटकंतीत सामील करून घेतलं.

तिघंही तिथलेच. एक लंबू, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. दुसरी हिशेब विभागातली चष्मेवाली. तिसरे आमचे साहेब, ज्यांना प्रत्येक गावाबद्दल काही ना काही ठाऊक असायचं आणि ते सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. सकाळी आठची गाडी पकडायची, कुठल्यातरी गावी उतरायचं, किल्ला असला तर किल्ला, तळं असलं तर तळं, काहीच नसलं तर नदीकाठाने तंगडतोड करायची आणि अंधार पडायच्या आत परत. त्या वर्षात मी एकोणीस गावं पाहिली. मिठाची खाण पाहिली, एका गावातलं नुसत्या कुलपांचं संग्रहालयही पाहिलं. देश पाहिला म्हणायचा, पण खरं सांगायचं तर मला गावांपेक्षा त्या तिघांबरोबर असण्याचंच अप्रूप जास्त होतं. गाडीत समोरासमोरच्या चार जागांपैकी चौथी माझी असायची. त्यांचे विनोद मला कळायचे आणि माझ्या विनोदांना ते हसायचे.

गाडीत कधी कधी आपल्याकडची माणसं दिसायची. पिशव्या, डबे, फोनवर मोठ्याने गप्पा. लंबू भुवया उडवायचा. एकदा चष्मेवाली माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाली, की तू मात्र त्यांच्यातला वाटत नाहीस. मी हसलो. ते वाक्य घरी घेऊन गेलो आणि आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

हे आधी सांगून ठेवतोय, कारण पुढे मी जे केलं ते अवचित घडलं असं कोणाला वाटायला नको.

थंडी नुकती सुरू झाली होती. जुन्या दगडी पुलाचं एक गाव बघून आम्ही परत निघालो होतो. स्टेशन लहानसं. तीन फलाट, एक तिकीट-खिडकी, एक चहा-कॉफीचं मशीन, तेही बंद. आमची चार बाराची गाडी दोन नंबरला यायची होती. पाच मिनिटं राहिली असताना माइकवर सूचना झाली, की रुळांच्या कामामुळे आज ही गाडी तीन नंबरवर येईल. बरेचसे लोक उठून जिन्याकडे निघाले, पुढच्या गाडीचे होते ते बसून राहिले. आम्हीही निघालो. तेवढ्यात कोणीतरी माझ्या बाहीला हात लावला.

साठीच्या एक बाई होत्या. फिकट निळी साडी, त्यावर मापात न बसणारा मोठा कोट, पायात पांढरे बूट. हातात वहीचा फाडलेला कागद.

"दादा, मराठी का हो तुम्ही? चेहऱ्यावरून वाटलं म्हणून विचारते."

मी थांबलो. त्यांनी कागद पुढे केला. ठसठशीत देवनागरी अक्षरांत लिहिलं होतं: 'परत येताना फलाट दोन. चार बाराची गाडी. तिसरं स्टेशन. उतरल्यावर जागची हलू नकोस, मी घ्यायला येते.' खाली फोन नंबर.

"माइकवर काय बोलले ते कळलं नाही," त्या म्हणाल्या. "माझी गाडी इथेच येणार ना?"

तीन पावलांवर ते तिघं माझ्यासाठी थांबले होते. चष्मेवाली कुतूहलाने बघत होती. मी त्या बाईंकडे पाहिलं आणि तिथल्या भाषेत, अगदी शुद्ध उच्चारात म्हणालो, "माफ करा, मला समजत नाही."

त्या माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. आणि मला कळलं, की मी तो कागद वाचला होता. माझी नजर पहिल्या ओळीच्या टोकापर्यंत गेली होती, परत फिरून दुसऱ्या ओळीवर आली होती, तिथून तिसऱ्या. त्यांनी ते पाहिलं होतं.

त्यांनी कागदाची घडी घातली. "राहू द्या," म्हणाल्या.

जिना चढताना चष्मेवालीने विचारलं, काय हवं होतं त्यांना? मी म्हटलं, काही कळलं नाही, कोणालातरी शोधत असाव्यात. ती म्हणाली, बिचाऱ्या गोंधळल्यासारख्या दिसतात, आपण विचारू या का? तिला हे सुचलं, मला नाही. मी म्हणालो, चल लवकर, गाडी जाईल.

गाडीत मला नेमकी दोन नंबरच्या बाजूची खिडकी मिळाली. रुळांपलीकडे त्या उभ्या होत्या. गाडी सुटायच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या जिन्याच्या दिशेने चार पावलं भराभर चालल्या आणि थांबल्या. डबे त्यांच्यासमोरून सरकायला लागले. त्यांनी हात केला नाही, काही नाही. नुसत्या बघत होत्या. साहेब तो पूल कोणी बांधला ते सांगत होते.

तो आठवडा कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. मी मनात निरनिराळी कारणं तयार करत होतो आणि एकही टिकत नव्हतं. दमलो होतो म्हणावं, तर नव्हतो. घाईत होतो म्हणावं, तर पाच मिनिटं होती. तीन शब्द बोलायचे होते: तीन नंबरला चला. पुढच्या शनिवारी मी तिघांना सर्दी झाल्याचं कळवलं आणि एकटाच त्या गावी गेलो.

तिकीट-खिडकीतल्या माणसाला चांगलं आठवत होतं. त्या बाई पुढच्या कुठल्याच गाडीत बसल्या नाहीत. कागदात लिहिलेली गाडी गेली, आता दुसरीत बसले तर भलतीकडे जाईन, असं त्यांना वाटलं असावं. अडीच तास बाकावर बसून होत्या. मुलीचा फोन लागत नव्हता. शेवटी यानेच त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि पुन्हा पुन्हा तो नंबर फिरवला. मुलगी टॅक्सीने आली. ती तिसऱ्या स्टेशनच्या गावात, दवाखान्यात एक्स-रे काढते, हे त्याला माहीत होतं, कारण त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे तिनेच काढला होता. पुढे तो म्हणाला, की आई एकटीने फिरायला बाहेर पडायची ती पहिलीच वेळ होती म्हणे.

मी त्या दवाखान्यात गेलो. माझ्याच वयाची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. मी मराठीत बोललो तशी तिचा चेहरा असा काही उजळला, की मला तिथूनच पळून जावंसं वाटलं. या भागात मराठी कुटुंब आहे असं कळलं म्हणून आलो, असं मी सांगितलं. तिने पुढे काही विचारलंच नाही. तीनला ड्यूटी संपत होती. म्हणाली, थांबा, घरीच चला, आई खूश होईल, तीन महिने माझ्या एकटीचं तोंड बघून कंटाळलीय.

रस्ताभर ती बोलत होती. वडील गेल्यावर आईला इथे आणलं. आई अठ्ठावीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होती. गाड्यांची माइकवरची घोषणा तिचीच. गावात आजही कोणी फोनवर तिचा आवाज ऐकला, की आता कुठली गाडी लागली म्हणून चेष्टा करतात. इथे आल्यावर घरात बसून काय करणार, म्हणून ती स्वतःच म्हणाली, तुला शनिवारी सुट्टी नसते तर मी एकटी जाऊन काहीतरी बघून येते, आयुष्यभर लोकांना गाडीत बसवलं, मला जमणार नाही होय. मग दोघींनी नकाशा बघून जवळचं, सोपं गाव निवडलं. पुलाचं. पूल बघून झाला, छान वाटला, आणि परत येताना तो घोळ. "तेव्हापासून बाहेरच पडत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी स्टेशनवर आपलं कोणी भेटलं असतं ना, तर एवढं झालं नसतं."

मी तिच्या बरोबरीने चालत होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दार काकूंनीच उघडलं. मला बघून त्यांचा हात कडीवर तसाच राहिला. मुलगी मागून म्हणाली, आई, बघ कोणाला आणलंय, आपल्याकडचे आहेत. काकू बाजूला झाल्या. "या," म्हणाल्या.

खोली लहान होती. एक सोफा, त्यावर घडी घातलेली गोधडी, खिडकीत वाळत घातलेले दोन टॉवेल. मुलीने चहा टाकला. आतूनच ती विचारत होती, कुठे राहता, काय करता, फिरता की नाही. मी उत्तरं देत होतो. काकू समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मुलगी कप घेऊन आली आणि आईला म्हणाली, बघ, हे दर शनिवारी फिरतात, तू उगाच घाबरलीस, त्या दिवशी तिथे असं कोणी असतं तर.

"नव्हतं गं कोणी," काकू म्हणाल्या. "आपलं कोणी नव्हतं तिथे."

मी कप खाली ठेवला. "मी होतो," म्हटलं.

मुलीला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं, मी काय म्हणालो, कोणत्या भाषेत म्हणालो, कुठल्या खिडकीत बसलो होतो. ती उभीच होती. तिने एवढंच विचारलं, "का?"

"ऑफिसातली माणसं होती बरोबर."

हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं, आणि बोलून दाखवल्यावर त्यात काहीच उरलं नाही. मुलगी आईकडे बघायला लागली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, फलाटावर पाहिलं होतं तसं.

"माझी लाज वाटली का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. राग होता की नाही मला सांगता येणार नाही. मग त्या म्हणाल्या, की आमच्या खिडकीवर दिवसाला शेकड्याने माणसं यायची. डोक्यावर मोठा फळा असायचा, तरी विचारायची. कोणाला वाचता यायचं नाही, कोणाला यायचं पण खात्री हवी असायची. वैताग यायचा, मीही कधीकधी खेकसले आहे. पण मला कळत नाही, असं कोणाला म्हटलं नाही.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. मी म्हणालो, पुढच्या शनिवारी मी येतो, तुम्ही म्हणाल तिथे घेऊन जातो. त्या लगेच नको म्हणाल्या. मला न्यायला कोणी नको आहे, मी माझी जाईन. मग उठून टीव्हीखालच्या खणातून वही आणि पेन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"माइकवर काय काय बोलतात ते सांगा. फलाट बदलला, गाडीला उशीर आहे, गाडी रद्द झाली. मी लिहून घेते."

अर्धा तास मी सांगत होतो आणि त्या देवनागरीत लिहीत होत्या. एखादा उच्चार जमला नाही तर थांबवायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या आणि मग स्वतः म्हणायच्या, स्पष्ट, शेवटचा शब्द किंचित लांबवून, जणू समोर भरलेलं बसस्थानक आहे. एरवी मला हसू आलं असतं. मुलगी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. चहाचं भांडं ती दुसऱ्यांदा घासत होती. फलाटावर काकूंनी मला दादा म्हटलं होतं. त्या अर्ध्या तासात एकदाही म्हणाल्या नाहीत.

निघताना मुलगी लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, "येऊन सांगितलंत ते बरं केलंत. पण परत येऊ नका." मी बरं म्हटलं, आणि परत गेलो नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिघांना सांगितलं. लंबूला त्यात एवढं काय झालं ते कळलं नाही. साहेब म्हणाले, अशा सूचना छापील स्वरूपात लावायला हव्यात. चष्मेवाली मात्र म्हणाली, की मी तर विचारू या म्हणाले होते. मी म्हटलं, हो, म्हणाली होतीस. पुढच्या शनिवारी त्यांनी बोलावलं तेव्हा मी गेलो. नाही म्हणण्याइतकाही धीर झाला नाही, हेही सांगून टाकतो. पण त्यानंतर हळूहळू ते बोलावेनासे झाले, की मीच टाळायला लागलो, ते आता नीट आठवत नाही.

आता जातो तो एकटाच. कोणी आपल्यातलं दिसलं, तर आपणहून विचारतो, कुठे जायचंय. बहुतेक वेळा त्यांना सगळं माहीत असतं, आणि मी उगाच गळ्यात पडतोय अशा नजरेने ते बघतात.

माझ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोनवर सुरुवात केली होती. दोन्ही वेळा ती म्हणाली, बोल ना, ऐकतेय मी. आणि दोन्ही वेळा मी तिला इथल्या थंडीचं सांगितलं.